तेलाचा परवाना

दादा,

माझ्या खिशात गांजाची पुडी सापडली, तेव्हा माझी पेटी दाराबाहेर फेकून तू म्हणालास, "नियम म्हणजे नियम." आता त्याच गांजाचं तेल औषध म्हणून मिळतं आणि परवान्याच्या खिडकीवर मी बसतो.

वहिनीला कॅन्सरच्या कळा सोसवेनात, म्हणून तू तीनदा अर्ज आणलास. डॉक्टरांचा शिक्का सहीवर उमटलाय म्हणत मी तीनदा परत केला. खरं तर तसा चालतो. तुझं पडलेलं तोंड बघायला मजा यायची.

तू मला घराबाहेर काढलंस त्या दिवशी मागच्या दाराने मला जेवायला वाढणारी वहिनीच होती. विसरलो नव्हतो.

काल ती गेली. आज परवान्यावर सही केली. तो आणि हे पत्र माझ्या खणातच राहतील. परवाना रुग्णाने स्वतः येऊन न्यायचा असतो. नियम म्हणजे नियम.

तुझाच,
धाकटा