दोघांच्या गालाला एकच उंची

गुरु., ८ जाने.
आज पुन्हा वाईट. पाच छर्रे, पाच दिशांना. रायफलच्या स्कोपला डोळा लावला की कडेला काळी कोर दिसते. मान दाबली की जाते, श्वास सोडला की परत येते. बाळू शेजारीच उभा होता. "उंटा, वय झालं. चष्मा बदल." क्लबच्या शेडमधले सगळे हसले. मीही.
त्याचे पाचही छर्रे एका नाण्याखाली झाकतील असे. क्लबच्या संघात आम्हा दोघांपैकी एकच जाणार, निवड २९ला. आणि रायफल एकच, हवेवरची, दोघांत घेतलेली. डिसेंबर त्याच्या घरी होती, जाने. माझ्याकडे.

शनि., १० जाने.
डोळ्यांच्या डॉ.कडे जाऊन आलो. नंबर किंचित वाढलाय, "पण त्याने एवढा फरक पडू नये." तरी नवा चष्मा करायला टाकला. सौ. म्हणाली, "छर्र्यांसाठी?"

बुध., १४ जाने.
रायफल पूर्ण तपासली. स्कोप ज्या रिंगांत बसतो त्यांच्या स्क्रूंवरची पिवळी रेघ शाबूत आहे. आम्ही दोघं एकाच कंपनीत, मी क्वालिटीला; ही तिथलीच सवय. बोल्ट कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ जुळलेली असली म्हणजे कुणी हात लावलेला नाही.
दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनीच ती ओढली. तेव्हा तीन उंचीच्या रिंगा आणल्या होत्या. गाल रायफलच्या दस्त्यावर टेकला की डोळा आपसूक भिंगाच्या मध्यावर आला पाहिजे, एवढाच हिशोब. बुटक्या रिंगांत माझी मान दुमडायची, उंच रिंगांत बाळूचा गाल सुटायचा. मधल्या ठेवल्या. "दोघान्लाबी थोडं थोडं वाईट," तो म्हणाला होता, "म्हंजी बरोबर."
रेघ शाबूत. म्हणजे दोष माझ्यातच.

गुरु., १५ जाने.
नवा चष्मा, तीच कोर. बाळूने तिळगूळ आणला होता. मग मागे उभं राहून, मानेवर हात ठेवून शिकवलं. "खाली घे. अजून. आता दिसतंय का?" फार मायेने. घरी येताना त्याचंच कौतुक वाटत होतं. स्पर्धेत असा कोण शिकवतो?

मंगळ., २० जाने.
स्कोप पुसत होतो. स्कोप आणि नळी यांच्यामधून फडकं नेहमी आरपार जातं. आज अडकलं.
पट्टी लावून मोजलं. दोनदा. या मधल्या रिंगा नाहीत, बुटक्या आहेत.
वर पिवळी रेघ. सरळ. आमच्याच पेनाची.

बुध., २१ जाने.
कंपनीच्या बसमध्ये त्याच्याशेजारी बसलो. रिंगा बदलल्यास का, विचारलं. चाकण चौकात गाडी तुंबली तेव्हा तो म्हणाला, "व्हय. डिसेंबरात."
"आणि रेघ?"
"मीच वढली. न्हाईतर तू लगीच इचारलं असतंस."
मग तोच म्हणाला, "मधली मधली करतुयास, तुझ्या मानंला मधली व्हती ती. दोन वरसं मी हनुवटी टेकवून मारतुया. बघितलंस कधी?"
"तू बोललास कधी?"
"क्वालिटीवाला तू. तू बरोबर म्हणलास, मग आमी काय बोलायचं?"
मी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, उलटसुलट करून परत दिला. उतरताना म्हणाला, "चष्म्याचं नव्हतं बोलाय पायजे."

गुरु., २२ जाने.
शेडवर गेलो नाही. मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचा फोटो सापडला, बाळू नेम धरून बसलेला. गाल आणि दस्ता यांच्यात फट. मीच काढलेला फोटो. खाली मीच लिहिलंय, काय बैठक आहे, राव.
म्हणजे तो खरं बोलतोय. पण खरं असणं आणि चोरून करणं
रिंगा त्याने स्वतःसाठी बदलल्या, हे समजू शकतो. रेघ माझ्यासाठी ओढली. आणि मग मानेवर हात ठेवून विचारलं, आता दिसतंय का.

सोम., २६ जाने.
सुट्टी. बाळू आला, वर आला नाही. वॉचमनकडे मधल्या रिंगा फडक्यात बांधून ठेवून गेला. मागून मेसेज: "तू ठरव. मी काय बोलत न्हाई." हेही त्याचं जुनंच. बोलायचं नाही आणि नंतर
निवडीत मध्येच रिंगा बदलता येत नाहीत. बदलल्या की नेम पुन्हा जुळवावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. म्हणजे एकच उंची. कुणाच्या तरी गालाची.

बुध., २८ जाने.
रजा टाकली. दुपारी एकट्याने शेडवर जाऊन मधल्या रिंगा बसवल्या, नेम जुळवला. कोर गेली. पाच छर्रे एका जागी. आनंद व्हायला हवा होता.
ठरलं होतं मधल्याचंच. मी शब्द पाळला की सोय बघितली? आज दोन्हीचं उत्तर एकाच उंचीवर येतंय, आणि तेच आवडत नाही.
स्क्रू कसले. पिवळं पेन उघडलं, टोपण परत लावलं. रेघ ओढली नाही. बुटक्या रिंगा आणि पान्हा पेटीत रायफलशेजारी ठेवले आहेत.
सकाळी निवडीआधी रायफल पहिली बाळूच्या हातात जाईल. रेघ नाही, हे त्याला दिसेलच. या वेळी तोंड उघडतो का