चौरस वाव म्हणजे किती मीटर?

बान नोंग खाम,
१४ ऑगस्ट, बुद्धवर्ष २५६१

रेवदीताईस,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. लावणी उरकली, आई चिकट भात आवडीने खाते. चार घरं पलीकडे राहून पत्र पाठवते म्हणून हसू नकोस. सहा वर्षं आपलं बोलणं नाही, मग तोंड कसं उघडू?

आता मुद्द्याचं. माझ्या लमाईला तू गणितात शून्य दिलंस! त्रिकोणी शेत, पाया चाळीस मीटर, उंची तीस. पोरीने आजोबांच्या दोन मीटरी बांबूचा हिशेब धरला. पाया वीस वाव, उंची पंधरा. गुणाकार तीनशे, त्याचं निम्मं दीडशे चौरस वाव. चारने गुणून सहाशे चौरस मीटर. उत्तर तुझ्या पुस्तकातलंच ना? मग ‘पद्धत पुस्तकाप्रमाणे नाही’ हा लाल शेरा कशाला? त्या शून्यापायी जिल्ह्याच्या स्पर्धेतून तिचं नाव गेलं. तीन दिवस ती शाळेत गेलेली नाही. “मावशी माझ्यावर का रागावलीय?” विचारते. काय सांगू तिला?

बाबांनी अख्खं गाव वावेने मोजलं. त्यांच्याच लेकीला वावेचा विटाळ?

परवा मीच तिला विचारलं, “चारने का गं? वाव तर दोन मीटरची.”

“आई, तू पण ना!” म्हणत तिने अंगणात एक वाव लांब, एक वाव रुंद चौकोन आखला. मधोमध एक उभी, एक आडवी रेघ मारली. “मोज आता.”

एकेक मीटरची चार घरं झाली होती. मी पुन्हा मोजली.

सहा वर्षांपूर्वी, बाबा गेल्याच्या शंभराव्या दिवशी, भिक्खू जेवत असताना, वाटणीवरून बांबू नाचवत मी ओरडले होते, “माझी बाग शंभर चौरस वाव, म्हणजे दोनशे मीटर. ताईच्या कागदावर चारशे! चोर आहे ही!” ताई, दोन्ही बागा सारख्याच होत्या गं.

पण तू गप्प का बसलीस? गावभर पोरांच्या चुका लाल शाईने दाखवतेस, बहिणीची एक दाखवता आली नाही? सहा वर्षं फुकट घालवलीस, याचाही राग आहे मला.

यादी शनिवारी जिल्ह्याला जाते. त्याआधी विहारात सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगते. लमाईच्या पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. ते शून्य तिच्या वहीतून खोड आणि माझ्या नावावर लिही.

दोनने गुणणारी,
तुझी धाकटी,
कान्दा