पोपटी उजेड

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. बोटं बधिर होतात, पेन हातात टिकत नाही. पण काळजी करू नकोस. जेवण नीट जातं, सूनबाई माझं फार करते. तुझा खोकला थांबला का?

इथे माझ्या पोटाच्या चरबीचा कण काढून तपासला. मी हट्टच धरला, मलाही दाखवा. तो कण बघायच्या सूक्ष्मदर्शकात दोन काचा असतात. एक काच दुसरीवर आडवी फिरवली की सगळा काळोख होतो. शरीरातले बारीक कण कवायतीतल्या पोरांसारखे रांगेत उभे असतील, तर तेवढेच उजळतात. माझ्या काळोखात पोपटी रेघा चमकल्या. मी खूश होऊन म्हणालो, “वा! छान उजळलं की!”

तपासणाऱ्या बाईंनी सूनबाईला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. सूनबाई हळूच म्हणाली, “बाबा, अंधारच राहायला हवा होता.”

जन्मभर शिस्त शिस्त करत आलो, आणि ती लागली कुठे बघ!

रांगेत साचलेले ते कण म्हणजेच रोग, बोटं त्यानेच बधिर होतात. औषध सुरू केलं आहे, रोग थोपवता येईल म्हणतात. पण तो भावंडांतही असू शकतो म्हणे. मागच्या खेपेला तुझ्या हातून कप निसटला, तेव्हा बोटांना मुंग्या येतात म्हणाली होतीस. अजून येतात का गं? माझ्यापासून लपवू नकोस. मेहुण्यांना सोबत घे आणि आधी तपासून ये.

मग लगेच कळव. लांबलचक नको, “दादा, माझ्यात अंधार आहे,” एवढं लिहिलंस तरी मला झोप लागेल.

तुझा,
दादा