प्लास्टरचं अंगकोर

वाल्डॉर्फ (जर्मनी), ऑगस्ट

प्रिय उल्का,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. जानेवारीपासून मी तुझ्यावर चिडलेली आहे, पण खाडाखोड केलेला कागद मला आवडत नाही, म्हणून राहू देते.) तुझा गुडघा कसा आहे? दुसऱ्या मजल्यावरचा नववी ‘क’ नको म्हणून ज्या गुडघ्याचं सर्टिफिकेट तू दरवर्षी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचीस, तोच गुडघा घेऊन तू अंगकोर वाटच्या अगदी वरच्या मजल्यापर्यंत चढलीस आणि तिथून हात हलवतानाचा फोटो मला पाठवलास. फोटो छान आहे. सूर्य मागून आल्यामुळे तुझा चेहरा दिसत नाही, म्हणून जास्तच छान आहे. मी बरी आहे. साखर ताब्यात, डावा डोळा जरा धूसर, आणि डोकं सकाळपासून फिरलेलं.

कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नकोस. माझा फोन मयुरेशने ‘आई, तुला सोपं जाईल’ म्हणून असा काही लावून दिला आहे की मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं सगळं त्याच्या टॅबवरही दिसतं. मुलगा मोठा इंजिनिअर झाला की आईला खाजगी असं काही राहत नाही.

जुनं उगाळत नाही, पण थोडं उगाळते. स्टाफरूममध्ये मी इतिहासाच्या आणि तू भूगोलाच्या वह्या तपासताना आपलं ठरलं होतं, निवृत्त झालो की अंगकोर. सातवीला समुद्रमंथन मी रंगीत खडूंनी फळाभर काढायची आणि मुलांना सांगायची की हेच चित्र कंबोडियात एका भिंतीवर कोरलेलं आहे, आणि बाई ते बघायला जाणार आहेत. मग तुझ्या सासूबाईंचं आजारपण, मग आमचे हे गेले, आणि अखेरीस या जानेवारीला बायकांच्या सहलीत दोघींच्या जागा मिळाल्या. डिसेंबरात मयुरेशचा फोन. अन्वीच्या किटाला (बालवाडीला इथे किटा म्हणतात) माणसं मिळत नाहीत, दिवसाआड बंद असतं, दोघांना ऑफिस, आई फक्त तीन महिने ये. मी आले. तू माझ्या जागेवर बँकेतल्या नीताला घेऊन गेलीस, जिला अंगकोर हा साबणाचा ब्रँड वाटला होता. असो. इथल्या व्हिसाचा नियम असा की तीन महिने झाले की परत जायचं आणि पुन्हा तीन महिन्यांनी यायचं, त्यामुळे मी वाचनालयातल्या पुस्तकासारखी परत होते आणि पुन्हा नेली जाते. ही माझी दुसरी फेरी. तनयाच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई सुमेधाताई, अजून एकदाही आलेल्या नाहीत. त्यांना थंडी सोसत नाही. (मला सोसते असं कुणी ठरवलं कोण जाणे.)

आता मुख्य हकिगत. गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. मी केक कापत असताना मयुरेशने जाहीर केलं की आई, रविवारी तुला अंगकोर दाखवतो. उल्का, माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मला वाटलं, पोराला कळलं! न बोलता कळलं! मी डोळे पुसले, तनयानेही पुसले. पुढचे सगळे दिवस मी सुती साड्या इस्त्री केल्या, उन्हाची टोपी घेतली, पोटाच्या गोळ्या वेगळ्या डबीत भरल्या, आणि प्रवासात असावा म्हणून मेथीच्या ठेपल्यांचा गठ्ठा केला. ‘किती दिवस?’ हे विचारलं नाही, कारण देणाऱ्याला असं विचारू नये. अन्वी दारात उभी राहून माझी बॅग भरणं बघत होती. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, त्या दिवशी काहीच देत नव्हती. रविवारी सकाळी मी मोठी बॅग घेऊन खाली आले तर मयुरेश म्हणाला, “आई, बॅग कशाला? संध्याकाळी परत येतोय.”

कार्ल्सरूहेला. ट्रेनने. तिथे एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी साहेबाने अंगकोरच्या भिंतींचे ठसे घेऊन त्यांच्या प्लास्टरच्या नकला केल्या, त्या चौकोनात मांडून ठेवल्या आहेत. मयुरेशने मला रस्ताभर समजावलं की आल्झो (इथलं ‘तर मग’) आई, तेच आहे, इंचाइंचाने तेच, फक्त ऊन नाही, गर्दी नाही आणि डास नाहीत. तुझ्या-माझ्या लग्नात नवऱ्याऐवजी त्याचा फोटो ठेवला असता तर हेच सगळे फायदे सांगता आले असते. ठेपले होते, ते ट्रेनमध्ये वाटले.

हॉलच्या दारात मी चपला काढल्या. ठरवून नाही गं, आत विष्णू दिसला आणि पाय आपोआप थांबले. दारावरचा माणूस गोंधळला, त्याने चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मयुरेशकडे. मयुरेश लाल झाला. मी म्हटलं, प्लास्टर असलं तरी विष्णूच आहे, मी मोज्यांवरच जाणार. चपला अन्वीने स्वतःहून उचलल्या आणि छातीशी धरल्या.

आत जमिनीवर बाण होते आणि सगळा जर्मनी बाणांप्रमाणे उजवीकडे वळून चालला होता. म्हणजे देव डाव्या हाताला! मी तिथेच उभी राहिले. सत्तरीला आलेली बाई मी, उलटी प्रदक्षिणा घालू? मयुरेशने सांगितलं की हे देऊळ मुळातच उलट्या क्रमाने बघायचं आहे, मूळ जागीही लोक असंच फिरतात. (म्हणजे तूही उलटीच फिरलीस. मला वाटलंच होतं.) मी डावीकडे वळले आणि निघाले. समोरून कानाला यंत्र लावलेली माणसं येत होती, प्रत्येक जण माफी मागून बाजूला होत होता, आणि मी प्रत्येकाला मान डोलावत देव उजव्या हाताला ठेवून चालले होते. त्यांचं युद्ध कुरुक्षेत्रापासून सुरू झालं, माझं लंकेपासून. मागून अन्वी, हातात चपला. तिचे आईबाप बरोबर दिशेने गेले होते.

आणि मग ते आलं. समुद्रमंथन. उल्का, पांढरंफटक होतं, माझ्या फळ्यावर जास्त रंग असायचे. तरी मला भरून आलं. एकीकडून असुर ओढतायत, दुसरीकडून देव ओढतायत, आणि मधे वासुकी ताणलेला. इतकी वर्षं हे चित्र काढलं पण वासुकीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. त्याला कुणी विचारलं होतं का, बाबा तू येतोस का म्हणून? अमृत निघालं, वाटून झालं, त्याच्या वाट्याला काय आलं ते मी सातवीत कधी शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नाही. मला फार वाईट वाटलं. मी पुढे झाले आणि त्याच्या अंगावर हात ठेवून नमस्कार केला.

भोंगा वाजला. असा वाजला की सगळा हॉल जागच्या जागी थिजला. मयुरेश धावत आला आणि संपूर्ण युरोपची माफी मागू लागला. दारावरच्या माणसाने अगदी नम्रपणे मला जरा बाहेर बसायला सुचवलं. मी निघाले. तर अन्वीने चपला टाकल्या आणि माझा पदर धरून मोठ्याने रडायला लागली, आणि उल्का, ती मराठीत रडत होती. “आजी, जाऊ नको.” मी बॅग भरायला घेतल्यापासून ती गप्प होती ना, तिला वाटलं मी परत निघाले. मी तिला उचललं (कंबर अजून दुखते आहे) आणि तिथेच बसकण मारली. आता आम्हाला दोघींनाही बाहेर न्यावं लागलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मयुरेश खुशीत होता. म्हणाला, चला, आईचं अंगकोर झालं एकदाचं, आता जानेवारीत निवांत ये. झालं! प्लास्टरवर माझा निकाल लावून मोकळा. राग आलेला दिसू नये म्हणून मी उरलेला ठेपला खाल्ला.

तुझी (अजूनही),
शुभदा

ता. क. जानेवारीच्या सहलीत माझी जागा धर. नीताला या वेळी पोटदुखी होऊ दे. तिथे मी सरळ प्रदक्षिणा घालणार आणि तू माझ्याबरोबर घालायचीस, गुडघ्याचं सर्टिफिकेट चालणार नाही.

ता. क. २. मयुरेशचा फोन आला तर सांग की जानेवारीत माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मयुरेश आणि तनया खोलीत येऊन पाया पडले. तनयाला दिवस गेले आहेत. तारीख जानेवारीची. मी दोघांना जवळ घेतलं, शिरा केला, आणि तो ढवळताना मला खूप आनंद झाला आणि खूप रडू आलं, दोन्ही खरं. मोतीबिंदूचं काही सांगू नकोस, बाळंतपणापुढे तो टिकणार नाही. त्याऐवजी असं कर. सुमेधाताई तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पुढे राहतात. उद्याच जा. त्यांना सांग, शुभदाचं पत्र आलंय आणि ती जर्मनीवर बेहद्द खूश आहे. घरात थंडी म्हणून नसतेच, भांडी मशीन घासतं, मुलगा दर रविवारी देवळं दाखवतो, आणि लेकीच्या बाळंतपणाला पहिला मान आईचा, हे शुभदा स्वतः म्हणते. वरचं पत्र मात्र दाखवू नकोस.

आणि नात मराठी बोलते असं सांग. बोलते ती. एकच वाक्य येतं, पण कोणतं ते त्यांना सांगू नकोस. ते माझं आहे.