हाडवैद्याची नडगी

३ मार्च

चौदा महिने! खेचरावरून पडलो, नडगी मोडली, आणि अजून जुळत नाही. मीच बांधली. दोनदा! अख्खं आंदावायलास गाव मोडके हातपाय घेऊन ज्याच्या दारी येतं, त्या हाडवैद्याचीच ही गत. आज फुल्हेन्सियो खाटीक रस्त्यातून ओरडला— "सातुर्निनो, ये माझ्याकडे, मी बांधून देतो!" सगळे हसले. मीही हसलो.

बायको, एर्मेलिंदा, मात्र हसली नाही. "आता तरी त्या डॉक्टरीणबाईंकडे चला. तुमच्या तोऱ्यालासुद्धा कुबडी लागायला लागलीय."

९ मार्च

गेलो. डॉक्टर नोएमी, माझ्या लेकीच्या वयाची. पाय हातात घेतला आणि दाबला कुठे? मी दाबला असता नेमका तिथंच! हात चांगले आहेत पोरीचे.

"आजोबा, तुमचं हाड वाढायचं थांबलंय. हाडात मुळातच एक प्रथिन असतं, 'वाढ' म्हणून सांगणारं. तेच आता बाहेर तयार करतात. त्यात भिजवलेला स्पंज फटीत ठेवायचा, आतून सळई घालायची."

"आणि नाहीच जमलं तर?"

"मग कुबडी. जन्मभर."

"आणि माझा पाल्याचा लेप?"

"त्यानं सूज उतरते. हाड उगवत नाही."

असा राग आला! खरं होतं म्हणूनच आला.

१४ मार्च

झालं ऑपरेशन. फार दुखतंय.

२ मे

एक्स-रे! फटीत पांढुरका धुरकट ढग. "हे नवं हाड," नोएमी म्हणाली. चाळीस वर्षं हाडं चाचपली, उगवताना आज पहिल्यांदा पाहिलं. तिच्यासमोरच रडलो. रडलो तर रडलो!

११ ऑगस्ट

कुबडीशिवाय बाजारात! चढ चढून! फुल्हेन्सियोच्या दुकानासमोर मुद्दाम दोनदा पाय आपटला. "काय रे, येऊ का बांधून घ्यायला?" त्यानं सुरी खाली ठेवून मिठीच मारली. वर मटणाचा तुकडा फुकट. संध्याकाळी चिचा, आमची मक्याची दारू, प्यायलो, एर्मेलिंदाबरोबर नाचलो. "हळू, म्हातारबा!" म्हणत होती, पण हात सोडत नव्हती.

१९ ऑगस्ट

वीटभट्टीवरच्या तेओफिलाला नोएमीकडे घेऊन गेलो. चार वर्षं लंगडतेय ती. "जुळलंय," असं तिला मीच सांगितलं होतं. जुळलं नव्हतं— माझ्या बोटांना तेव्हाच कळलं होतं.