अर्ध्या सुताचा पत्रा

मी, शिवप्पा मन्मथअप्पा कातारे, वय ६७, धंदा लाकडी खरादकाम, रा. मुखेड, जि. नांदेड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. अक्कल शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग मात्र कधीच ताब्यात नव्हता. त्याचा दाखला गावात कोणीही देईल.

कलम १. लाकूड फिरवून कातायची खराद मशीन मी २००९ साली लातुरात जुनी घेतली. लाकडाचे मागचे टोक ज्या अणीवर टेकते तो टेलस्टॉक पुढच्या अणीपेक्षा अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, खाली बसलेला होता. विकणाऱ्याने रंग मारून ते लपवले होते. मी त्याच्या कानाखाली दोन वाजवल्या, त्या मरतानाही परत घेत नाही. टेलस्टॉकखाली अर्ध्या सुताचा पत्रा घातला, तेव्हा कुठे अणीला अणी भिडली.

कलम २. ही मशीन, सगळ्या पटाश्या आणि कारखान्याची जागा माझा धाकटा भाऊ राजशेखर, हल्ली रा. लातूर, याला द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

२०१२ च्या खंडेनवमीला हत्यारे पुजायची म्हणून आम्ही मशीन खोलून धुतली. पुसापुशी माझी, जोडणी राजशेखरची. दसरा झाल्यावर मी बाभळीचा पलंगाचा खूर चढवला. खाली पत्रा नव्हता. लाकडाचे मागचे भोक झिजत मोठे झाले, खूर निसटला आणि चहा घेऊन आलेल्या माझ्या पत्नीच्या, केवळाबाईच्या, डाव्या डोळ्यावर बसला. डोळा जागीच फुटला.

मी पटाशी ठोकायची लाकडी मोगरी उचलली. राजशेखर हात जोडून म्हणत होता, "अण्णा, पत्रा तिथं नव्हताच वो. म्या बगितलो न्हाई, चुकलो. पर टाकलो न्हाई!"

मी त्याच्या उजव्या मनगटावर तीन घाव घातले. तिसऱ्याला हाड बाहेर आले. खाली पडल्यावर लाथही घातली, तीही येथे नोंदवतो. त्या हाताने पुन्हा पटाशी धरली नाही. बारा वर्षे तो डाळमिलच्या गेटवर राखण करतो आहे, आणि बारा वर्षे मी बाजारात सांगत फिरलो की भावानेच माझ्या बायकोचा डोळा घेतला. त्याच्या मुलीच्या लग्नाला निघालेल्या सोयऱ्यांनाही मी एसटी स्टँडवरून शिव्या देऊन परत लावले.

कलम ३. मागच्या महिन्यात केवळाबाई बोलली. मशीन पुसताना तो मळका पत्रा मीच, शिवप्पाने, चिंध्यांबरोबर उकिरड्यावर फेकला होता. तिने पाहिले होते.

मी विचारले, "मग इतकी वर्षं का न्हाई सांगितलीस?"

ती म्हणाली, "कसं सांगू? मोगरी तुमच्या हातात. माजा एकच डोळा राहिला हुता."

त्या वेळी मी हात उचलला नाही. हे लिहून ठेवण्याजोगे वाटावे, याची मला लाज वाटते.

कलम ४. राहते घर आणि बँकेतली ठेव केवळाबाईची एकटीची. कोणी आडवा आल्यास त्याचे तंगडे तोडावे असे मी लिहिले होते. तिने ते खोडायला लावले. राजशेखरने माझ्या मरणाची वाट पाहू नये म्हणून कारखान्याची किल्ली आजच त्याच्याकडे पाठवली आहे. मला घरात ठेवायचे की नाही, हे केवळाबाईने ठरवावे. तिचा निरोप येईपर्यंत मी गावातल्या मठाच्या ओसरीत आहे.

सही: शिवप्पा मन्मथअप्पा कातारे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. मल्लेश शंकरप्पा हुडे
२. हरिओम शेषेराव जाधव

मुखेड, १४ फेब्रुवारी २०२५