आतून बाहेर वाजणारी घंटा

ठाणे, टेंभी नाका
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८११

तीर्थरूप काळुराममामांच्या चरणी भाचा सहदेव याचा दंडवत पोचावा. मी इकडे खुशाल असून दोन्ही हात शाबूत आहेत. वीज अंगावर पडून मी काळाठिक्कर झालो अशी जी बातमी मुरबाडच्या बाजारात फिरते आहे ती खोटी आहे. (मी मुळातच काळा आहे, हे तुम्ही जाणताच.) तुमचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. मामींच्या गुडघ्यांना थंडीचा त्रास होत असेल, तर त्यांनी पहाटे अंगणात जाऊ नये असं माझं सांगणं आहे. त्या ऐकणार नाहीत, पण लिहायचं म्हणून लिहिलं.

गाडीवानाबरोबर तुमचा निरोप मिळाला. तांबटाच्या पोराने हंडे ठोकावेत, तारा ओढू नयेत, आणि किरिस्तावाच्या हाताखाली राहून घराण्याची शोभा करू नये, असा त्याचा मतलब होता. (गाडीवानाने त्यात स्वतःचेही चार शब्द घातले असावेत. काही शिव्या तुमच्या तोंडच्या वाटल्या नाहीत.) त्यावर माझं म्हणणं एवढंच, की ज्या जेरोम मिस्त्रीकडे मी शिकतो त्यांचं काम आपल्या धंद्यापासून फारसं लांब नाही. आगगाडीच्या वाटेवर तारायंत्राचे जे खांब उभे आहेत त्यांच्या तारा ते सांभाळतात, आणि सवड मिळेल तेव्हा मोठ्या लोकांच्या घरी विजेची घंटा बसवून देतात. म्हणजे तार तांब्याची, कांडी जस्ताची, आणि आपण कल्हईला घेतो तोच नवसागर काचेच्या बरणीत पाण्यात कालवायचा. त्यातून जी वीज निघते ती आभाळातल्या विजेची फार लांबची आणि गरीब नातेवाईक आहे. तिच्याने माणूस मरत नाही. माणसं तिच्यापायी भांडतात मात्र पुष्कळ, आणि तेच सविस्तर कळवायला बसलो आहे.

इथे आमच्या नाक्यावर एक पेन्शनर रावसाहेब राहतात. मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यात त्यांनी विजेची घंटा पाहिली. साहेबाने खुर्चीत बसल्या बसल्या कळ दाबली, आत घंटा वाजली आणि चाकर हजर झाला. तेव्हापासून रावसाहेबांना अन्न गोड लागेना. वास्तविक त्यांचा गडी दगडू हा ओसरीवर त्यांच्या पायाशीच बसलेला असे, आणि हाक मारायची तर नुसतं खाकरलं तरी पुरे होई. पण हाक मारणं हे मागासलेपणाचं आहे असं रावसाहेबांचं मत पडलं. जेरोम मिस्त्रींना बोलावणं गेलं. मिस्त्रींनी सगळं पाहून घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "सहदेव, गडी हाय हितं, नि घंटा लावायची तितं. आपल्याला काय? लाव."

पण लावणार कशी? घरात रावसाहेबांच्या थोरल्या बहीण आवडाबाई आहेत. लहानपणी विधवा होऊन त्या माहेरी आल्या. आई गेल्यावर रावसाहेबांना त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि त्यांच्या लेखी ते काम अजून पुरं झालेलं नाही. त्यांचं सोवळं कडक. किरिस्तावाने हाताळलेली तार माजघरात आली तर विटाळ तारेतून चालत येईल की काय, असा त्यांनी प्रश्न काढला. रावसाहेब म्हणाले, तारेतून फक्त वीज येते. आवडाबाई म्हणाल्या, वीज दिसत नाही आणि विटाळही दिसत नाही, मग कोण आलं हे तू कसं ओळखणार? शेवटी दोन भटजी आले. त्यांनी तार उन्हात धरून निरखली, तिच्यावर रेशमाचा धागा गुंडाळलेला पाहिला, आणि तार जन्मभर रेशमी मुकटा नेसून बसलेली असल्यामुळे ती सोवळ्यातच आहे असा निकाल दिला. (दोघेही पोटभर जेवून गेले. जेरोम मिस्त्रींनी आणि मी त्या दिवशी चणे खाल्ले.)

घंटा बसली. माजघराच्या चौकटीवर घंटा आणि ओसरीवर रावसाहेबांच्या हाताशी कळ. रावसाहेबांनी कळ दाबली, आत घंटा खणखणली, आणि दगडू पायाशी होता तो तसाच बसून राहिला. त्याचंही बरोबर होतं, कारण घंटा आत वाजली होती. तेव्हा दगडूला हुकूम झाला की त्याने आत माजघरात बसावं आणि घंटा ऐकून बाहेर यावं. आता आत रिकामा बसलेला माणूस आवडाबाईंच्या नजरेस पडल्यावर काय होणार? त्यांनी त्याला विहिरीवर पिटाळलं, तांदूळ पाखडायला लावले, लाकडं फोडायला लावली. बाहेर रावसाहेब कळ दाबून दाबून बोट दुखवून घेत आणि आत दगडू मागच्या परसात असे. विजेमुळे रावसाहेबांचा गडी गेला आणि आवडाबाईंना मिळाला. तरी रावसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला घंटा दाखवीत, आणि कोणी आलं नाही तर दगडू बहिरा आहे असं सांगत.

पुढे एके दिवशी रावसाहेब भिवंडीला गेले होते, मिस्त्री कल्याणकडे तारेवर होते, आणि मी बरण्यांत पाणी घालायला एकटाच गेलो होतो. आवडाबाईंनी मला माजघराच्या दारात उभं केलं. म्हणाल्या, "तो बाहेरून वाजवतो ते मला ऐकावं लागतं. मला काही सांगायचं असलं तर?"

मी म्हटलं, "तुम्ही हाक मारा."

"हाक मारणं मागासलेपणाचं आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "इथे कळ लाव आणि घंटा त्याच्या डोक्यावर."

मामा, मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या एकट्याच्या हातचं ते पहिलं काम. बरण्या त्याच, तार फक्त एक जास्त, आणि ती कुठून न्यावी हे मला आपोआप दिसत होतं, जसं तुम्हाला पत्रा पाहून हंडा दिसतो. दुसरी घंटा मी ओसरीवर विलायतेच्या राणीसाहेबांच्या तसबिरीमागे बसवली. ती वाजली तेव्हा मला झालेला आनंद मी कोणाला सांगू शकलो नाही. घरी जाताना मात्र परत फिरून ती काढून टाकावी असं दोनदा वाटलं.

कारण दोनच दिवसांनी आगगाडीच्या तारखात्याचा साहेब रावसाहेबांची घंटा पाहायला येणार होता. कल्याणला एक जागा रिकामी होती, आणि जेरोम मिस्त्री त्याच्यापाशी माझ्यासाठी शब्द टाकणार होते. साहेब आला. मिस्त्री आणि मी पायरीखाली उभे. रावसाहेबांनी मोठ्या डौलात कळ दाबली. आत खणखण झालं, कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. दगडू विहिरीवर होता हे पायरीखालून आम्हांला स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्यांदा दाबणार तोच रावसाहेबांच्या डोक्यावर राणीसाहेब खणखणू लागल्या. साहेब अदबीने उठून उभा राहिला. रावसाहेबांचा चेहरा मी या जन्मात विसरणार नाही. आतून आवडाबाईंचा आवाज आला, "चहा झालाय. घेऊन जा." रावसाहेब मुकाट्याने उठले, आत गेले, आणि साहेबासाठी मुद्दाम आणलेले चिनी मातीचे पेले स्वतःच्या हाताने घेऊन बाहेर आले.

मी मनातल्या मनात हंडे ठोकायला लागलो होतो. पण साहेबाने चहा पिता पिता तसबीर उचलून पाहिली, तारेवरून बोट फिरवलं, एवढ्याच बरण्यांवर दोन्ही बाजूंनी घंटा वाजते म्हणून शाबासकी दिली, आणि ही कल्पना कोणाची असं विचारलं.

"माझीच," रावसाहेब म्हणाले.

"आणि हात कोणाचा?"

जेरोम मिस्त्रींनी माझ्या पाठीत असा धक्का दिला की मी एकदम ओसरीवर गेलो. पौष महिन्यापासून कल्याणच्या तारेवर हजर व्हायचं आहे, मामा. शाबासकी घेऊन बसल्यामुळे रावसाहेबांना आता ती घंटा काढता येत नाही. ती वाजली की ते आत जातात. नाक्यावरच्या बायका पाहून गेल्या, आणि प्रत्येकीचा मला एकच निरोप आहे, की बाहेरून आत वाजणारी घंटा नको, आतून बाहेर वाजणारी तेवढी बसव.

तेव्हा हंडे ठोकायला मी येत नाही. रागावला असाल, पण मला हे काम येतं आणि आवडतं. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तुमच्या पायांवर डोकं आहेच.

तुमचा,
सहदेव

ता. क. : रुजू होण्याआधी आठ दिवस मुरबाडला येईन म्हणतो. कल्याण स्टेशनवर बैलगाडी पाठवावी. सामानात काचेच्या बरण्या आहेत, म्हणून गाडीत पेंढा पुष्कळ घालावा. बरण्या लोणच्यासाठी नाहीत.

दुसरा ता. क. : तुमच्या झोपाळ्यामागच्या भिंतीला जे भोक पडलं आहे ते उंदराने पाडलेलं नाही. मामींचाही निरोप त्याच गाडीवानाबरोबर आला; ते त्यांनी सुताराकडून पाडून घेतलं आहे. कृपा करून बुजवू नये.